केंकेची सुधारित आवृत्ती

सोमवारी सकाळी क्वामेना ओटूंनी संगणक सुरू केला आणि पडद्याच्या कोपऱ्यात एक चौकट उघडली. ‘आपल्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली आहे. एकूण त्रेचाळीस सुधारणा.’ खाली दोन बटणं होती, ‘अधिक वाचा’ आणि ‘नंतर बघू’. घानातल्या टाकोराडीच्या त्या सरकारी खाद्य-संशोधन कार्यालयात सगळा कारभार ‘नंतर बघू’वरच चालत असे. पण ‘अधिक वाचा’ म्हटलं की खरोखर वाचत बसणारा एकच माणूस तिथे होता, आणि चौकट नेमकी त्याच्याच पडद्यावर उघडली.

हे सॉफ्टवेअर स्वतः प्रयोग करत नसे, प्रयोग आखून देत असे. समजा, बिस्किट खुसखुशीत व्हायला हवंय. मग साखर वाढवायची, की आच, की वेळ? सॉफ्टवेअर सांगायचं, अमुक इतके घाणे काढा, या क्रमाने काढा, चाखणाऱ्यांचे गुण मला आणून द्या, कशामुळे काय झालं ते मी सांगतो. ओटूंकडे होती ती आवृत्ती अकरा वर्षांची होती आणि स्वभावाने खडूस होती. चारपेक्षा जास्त घटक घातले की लाल अक्षरांत ‘जमणार नाही’ असं म्हणून गप्प बसायची. ओटूंना याचा अपमान वाटायचा. सरकारी नोकरीत वरिष्ठांनी ‘जमणार नाही’ म्हणणं वेगळं आणि यंत्राने म्हणणं वेगळं.

नवी आवृत्ती मात्र विनम्र होती. घटक कितीही घाला, ‘अवश्य’ म्हणणार. फार प्रयोग होत असतील तर ‘निम्मे केले तरी चालतील’ असा सल्ला देणार. जे घटक सारखे बदलणं त्रासाचं असतं त्यांच्यापुढे ‘बदलायला कठीण’ अशी खूण करायची सोय देणार. शिवाय निकालाचा रंगीत डोंगर काढून देणार, तो माऊसने गोल फिरवता येणार. या डोंगरावर ओटूंचा जीव जडला. त्यांनी मागणीपत्र टाइप केलं.

मागणीपत्राला राजधानी अक्रातल्या मुख्य कार्यालयाची मंजुरी मिळायला साडेचार महिने लागले, आणि खरी अडचण मंजुरीनंतर आली. भांडारपाल ब्लँक्सन हे नियमाने वागणारे गृहस्थ होते. कार्यालयात आलेली प्रत्येक वस्तू डोळ्यांनी पाहिल्याशिवाय ते नोंदवहीत चढवत नसत.

“ओटू साहेब, माल दाखवा.”

“माल असा काही नसतो हो. ते तारेतून संगणकात येतं.”

“लांबी, रुंदी, रंग, हे तीन रकाने रिकामे सोडता येत नाहीत मला. मागे एकदा खत आलं होतं, तेव्हाही मी रंग लिहिला होता.”

शेवटी ओटूंनी सगळं सॉफ्टवेअर एका पेन ड्राइव्हवर उतरवलं आणि ते ब्लँक्सनांच्या टेबलावर ठेवलं. ब्लँक्सननी पट्टीने लांबी मोजली, रंग ‘निळा’ लिहिला आणि कपाटातून पांढरा ऑइलपेंट काढून बारीक ब्रशने त्यावर मालमत्ता क्रमांक घातला. क्रमांक चौदा अक्षरांचा आणि पेन ड्राइव्ह बोटाच्या पेराएवढा. उरलेली पाच अक्षरं ब्लँक्सननी धातूच्या तोंडावर बसवली. रंग वाळल्यावर तो पेन ड्राइव्ह जगातल्या कोणत्याही संगणकात शिरेनासा झाला. पण नोंद मात्र अगदी चोख झाली.

“आता जुनं जमा करा,” ब्लँक्सन म्हणाले.

“कसलं जुनं?”

“जुनं सॉफ्टवेअर. नवीन टायर हवा तर जुना टायर जमा करावा लागतो. नियम सगळ्यांना सारखा.”

तर ओटूंनी अकरा वर्षांची ती खडूस आवृत्ती स्वतःच्या हाताने पुसून टाकली आणि ती ‘वापरण्यास अयोग्य’ झाल्याच्या दाखल्यावर सही केली. आपल्याला ‘जमणार नाही’ म्हणणारं जगात एवढं एकच होतं, हे त्या वेळी त्यांच्या लक्षात आलं नाही.

आठवड्याभराने अक्राहून पत्र आलं. नव्या सॉफ्टवेअरचा उपयोग काय, ते पाहायला तीन जणांची समिती महिनाअखेरीस येणार. उपयोग पटला तर तीन वर्षांची मुदतवाढ. नाही पटला तर टाकोराडीचा आकडेवारी विभाग मुख्य कार्यालयात विलीन. विलीन होण्यासारखं त्या विभागात एक टेबल होतं, एक पंखा होता आणि ओटू होते. टेबल आणि पंखा इथेच राहणार, असंही पत्रात नमूद होतं.

ओटूंनी पत्र घरी नेलं. बायको अराबा शेजारच्याच सेकोंडीच्या प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. तिने पत्र एकदा वाचलं आणि शुद्धलेखनाच्या दोन चुका पेन्सिलीने दुरुस्त केल्या.

“क्वामेना, अक्राला जायचं असेल तर तू जा. माझी शाळा इथे आहे, माझी आई इथे आहे आणि स्वयंपाकघरावर नवे पत्रे घालून अजून वर्ष झालेलं नाही.”

“म्हणून तर छानसा छोटा प्रयोग करून दाखवायचा म्हणतोय.”

“कशाचा?”

ओटूंनी कुंपणापलीकडे पाहिलं. पलीकडच्या अंगणात त्यांच्या सासूबाई, माम एकुआ, केंकेचे गोळे पानात बांधत बसल्या होत्या. मका भिजवायचा, दळायचा, पीठ आंबवायचं, त्यातलं काही शिजवून पुन्हा कच्च्यात मिसळायचं, गोळे करून केळीच्या पानात बांधायचे आणि उकडायचे. हे त्या पस्तीस वर्षं करत होत्या आणि सेकोंडी ते खात होती. तळलेली मासळी, वाटलेली मिरची आणि माम एकुआचा केंके मिळाला नाही, तर त्या गावातले निम्मे लोक आपण आज जेवलोच नाही असं समजत.

“तीनच घटक घेऊ,” ओटू म्हणाले. “पीठ आंबवायचे दिवस, दोन की चार. शिजवलेल्या पिठाचं प्रमाण, निम्मं की तिसरा हिस्सा. उकडायचा वेळ, दोन तास की तीन. आठ प्रकार होतात. एका शनिवारचं काम.”

माम एकुआने सगळं ऐकून घेतलं. हातातलं पान काही खाली ठेवलं नाही.

“जावईबापू, केंके चांगला कसा करायचा ते तुम्हाला माहीत नाही?”

“तुम्हाला माहीत आहे, माम. पण ते आकड्यात नाही.”

“आकड्यात येऊन त्याची चव वाढणार आहे?”

“आमची बदली टळणार आहे.”

माम एकुआने मुलीकडे एकदा पाहिलं आणि म्हणाल्या, “मका किती भिजत घालू?”

प्रयोग इथेच थांबला असता तर सगळं सुरळीत झालं असतं. पण सेकोंडीत अंगणात बोललेली गोष्ट अंगणात राहत नाही. संध्याकाळी पहिल्यांदा आल्या सिस्टर फ्लॉरेन्स, चर्चच्या गायनवृंदाच्या प्रमुख. त्या उभ्या उभ्याच बोलायच्या आणि निदान तासभर बोलायच्या.

“मीठ घेतलंय का प्रयोगात?”

“आपल्या फान्टी लोकांच्या केंकेत मीठ नसतं,” माम एकुआ म्हणाल्या.

“म्हणूनच तर विचारते. नाही घातलं तर कळणार कसं, की घालायला नको होतं?”

हे ओटूंचंच वाक्य होतं. रविवारी चर्चबाहेर त्यांनीच ते सिस्टर फ्लॉरेन्सना ऐकवलं होतं. त्यांनी मीठ घातलं. आठाचे सोळा झाले. सॉफ्टवेअर म्हणालं, ‘अवश्य’.

मग आले एग्या डाडझी. रेल्वेत गार्ड होते, निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली होती. टाकोराडीपासून कुमासीपर्यंतच्या प्रत्येक स्टेशनावर त्यांनी काय खाल्लं, हे ते तारीखवार सांगत.

“क्वामेना, पोरा, पान विसरलास. तिकडे अक्राकडे मक्याच्या कणसाच्या सालपटात बांधतात, आपण केळीच्या पानात. सगळी गंमत पानातच आहे. मी सांगतो ना, तीस वर्षं गाडीत बसून खाल्लंय.”

माम एकुआने तोंड फिरवलं. ओटूंनी पान घातलं. सोळाचे बत्तीस झाले. जुन्या आवृत्तीने इथे लाल अक्षरं दाखवून त्यांची सुटका केली असती. नवी म्हणाली, ‘अवश्य’.

“आणि बांधणार कोण?” सिस्टर फ्लॉरेन्स दुसऱ्या दिवशी खास हे विचारायला आल्या. “माझ्या हातची गाठ वेगळी, अराबाच्या हातची वेगळी. आत पाणी शिरतं की नाही, ते गाठीवर असतं. मी मदतीला येणारच आहे, तेव्हा माझंही नाव घालून टाका.”

बत्तिसाचे चौसष्ट झाले. ओटू टेबलाशी डोकं धरून बसले. तेवढ्यात पडद्यावर ओळ आली, ‘निम्मे केले तरी चालतील.’ त्यांना त्या यंत्राला मिठी मारावीशी वाटली. समितीत तिघे, शिवाय कमी पडायला नकोत म्हणून प्रत्येक प्रकाराचे चार गोळे. बत्तीस चोक एकशे अठ्ठावीस. एका शनिवारचं काम आता सोमवार ते गुरुवार चालणार होतं. ओटूंनी रजेचा अर्ज टाकला. कारण लिहिलं, ‘कार्यालयीन काम’. हेडक्लार्कने विचारलं, की कार्यालयीन काम असेल तर रजा कशाला, आणि रजा असेल तर ते कार्यालयीन कसं? या प्रश्नात एक दिवस गेला.

सोमवारी अंगणात चार चुली पेटल्या. गायनवृंदातल्या अकरा जणी सिस्टर फ्लॉरेन्सबरोबर आल्या. त्यांचा मदतीशी संबंध एवढाच, की काम चालू असताना त्या गात होत्या. एग्या डाडझींनी उकडायच्या वेळेची जबाबदारी कुणी न देताच घेतली. ते रेल्वेची शिट्टी आणि हिरवा-लाल बावटा घेऊन खुर्चीवर बसले. पातेलं चुलीवर चढलं की हिरवा, उतरवायची वेळ झाली की शिट्टी आणि लाल. पहिल्या शिट्टीला गल्लीतली तीन पोरं, एक शेळी आणि पोस्टमन असे सगळे एकदमच थबकले.

अराबा पडद्यावरून यादी मोठ्याने वाचत होती. छापून घेण्यासाठी ब्लँक्सनकडे कागदाची मागणी नोंदवावी लागली असती आणि आठ दिवसांत ती काही पुरी झाली नसती. म्हणून पातेल्याला फक्त क्रमांक द्यायचा आणि कोणत्या क्रमांकाला काय, ते यंत्रातच राहणार, असं ठरलं होतं.

“पहिलं पातेलं. चार दिवसांचं पीठ, मीठ घालून, सालपटात, तीन तास, बांधणारी सिस्टर फ्लॉरेन्स. दुसरं. दोन दिवसांचं पीठ, बिनमिठाचं, केळीच्या पानात, दोन तास. तिसरं. पुन्हा मीठ, पुन्हा सालपट.”

“थांब जरा,” माम एकुआ म्हणाल्या. “मिठाचे सगळे एकदम का नाही करायचे? मग बिनमिठाचे एकदम. हे एकदा इकडे, एकदा तिकडे, बाजारात चुकलेल्या माणसासारखं.”

“माम, ओळीने केले तर शेवटी तुमचे हात थकतील, आणि मग वाईट केंके मिठामुळे झाला की थकव्यामुळे, ते कळणार नाही.”

“माझे हात थकत नाहीत.”

“ते मला माहीत आहे. यंत्राला माहीत नाही.”

“मग त्याला सांगा.”

आता खरं म्हणजे ओटूंनी यंत्राला ते सांगून ठेवलं होतं, आणि तिथेच घोटाळा झाला. ‘बदलायला कठीण’ या रकान्यात त्यांनी आधी नियमाप्रमाणे आंबवण्याचे दिवस लिहिले होते, कारण पीठ काही तासातासाला चार दिवसांचं करता येत नाही. मग पडदा आपल्याशिवाय कोण बघणार, अशा समजुतीत रात्रीच्या जेवणाआधी जराशी गंमत म्हणून त्याच रकान्यात खाली आणखी एक ओळ घातली होती. अराबा शिक्षिका. समोर लिहिलेलं आहे ते सगळं वाचायची तिला सवय.

“बदलायला कठीण घटक,” तिने खणखणीत आवाजात वाचलं. “एक, आंबवण्याचे दिवस. दोन, माम एकुआ.”

गाणं थांबलं. एग्या डाडझींनी कारण नसताना लाल बावटा वर केला. ओटू पातेल्याच्या वाफेत जितकं शिरता येईल तितकं शिरले.

माम एकुआने हातातला गोळा वळून पुरा केला आणि टोपलीत ठेवला.

“बरोबर लिहिलंय,” त्या म्हणाल्या. “लग्नाला चौदा वर्षं झाली, जावईबापूंनी पहिल्यांदा काहीतरी बरोबर लिहिलं. वाच पुढचं.”

त्यानंतर चार दिवस त्या यंत्राबद्दल जरा आपुलकीनेच बोलत होत्या. ओटूंशी मात्र अराबाच्या मार्फत.

गुरुवारी दुपारी बत्तिसावं पातेलं उतरलं. शिट्टी झाली, हिरवा-लाल दोन्ही बावटे हलले. बत्तीस जुड्या, प्रत्येकीत चार केंके, प्रत्येकीला दोऱ्याने क्रमांकाची चिठ्ठी. शुक्रवारी दहाला समिती. ओटू हातपाय धुऊन, शर्ट बदलून, उद्याचे तक्ते तयार करायला संगणकाशी बसले. कोपऱ्यात चौकट उघडली. ‘एक छोटीशी सुधारणा उपलब्ध आहे.’

ओटूंनी ‘अधिक वाचा’ दाबलं नाही. आयुष्यात पहिल्यांदाच दाबलं नाही, कारण उद्या समिती होती आणि सुधारणा चांगलीच असणार. त्यांनी ‘होय’ म्हटलं. दोन मिनिटांनी यादी पुन्हा उघडली. त्यांनी सहज सातव्या क्रमांकाची जुडी उचलली. जुडी केळीच्या पानातली होती. यादी म्हणत होती, सात, सालपट.

त्यांनी बारावी उचलली. जुडी सालपटात, यादीत केळीचं पान. मग सुधारणेची माहिती वाचली. तिथे लिहिलं होतं, की आधीच्या आवृत्तीत क्रम पुरेसा अव्यवस्थित लागत नव्हता, तो दोष दूर करून सर्व याद्यांचे क्रम नव्याने लावले आहेत.

ओटू ओसरीच्या पायरीवर येऊन बसले. समोर एकशे अठ्ठावीस केंके होते आणि त्यांपैकी कोणता कोण, हे ना त्यांना ठाऊक होतं ना यंत्राला. अराबाने त्यांचं तोंड पाहिलं आणि काही न विचारता आत जाऊन पाणी आणलं. ही तिची पद्धत होती. आधी पाणी, मग प्रश्न.

“आता अक्राला भाड्याने खोली बघायला हवी,” ओटू म्हणाले, आणि मग काय झालं ते त्यांनी सांगितलं.

एग्या डाडझींचं मत पडलं, की असं गाडीच्या डब्यांचं एकदा झालं होतं आणि चार दिवस वाहतूक बंद ठेवावी लागली होती. सिस्टर फ्लॉरेन्सनी प्रार्थना सुचवली, आणि अकरा जणी असल्यामुळे ती चार आवाजांत झाली. माम एकुआ तेवढ्या वेळात टोपलीपाशी स्टूल ओढून बसल्या होत्या.

“अराबा, वही आण,” त्या म्हणाल्या. चार दिवसांनी पहिल्यांदा जावयाकडे सरळ बघून म्हणाल्या, “जावईबापू, तुम्ही नुसते ऐका.”

त्यांनी पहिली जुडी उचलली. गोळ्यावर अंगठा दाबला, सोडला. पानाचा कोपरा सोडवून वास घेतला, चिमूटभर काढून जिभेवर ठेवलं.

“तीन तास उकडलाय. चार दिवसांचं पीठ. बिनमिठाचा. शिजवलेलं पीठ निम्मं. गाठ अराबाची. शाळेत असतानाही अशीच बांधायची, सैल.”

“आई.”

“लिही. पुढचा. दोन तास. दोन दिवस. मीठ आहे. शिजवलेलं तिसरा हिस्सा. गाठ सिस्टर फ्लॉरेन्सची. एका गोळ्याला इतका दोरा कुणी लावतं का?”

सिस्टर फ्लॉरेन्स प्रार्थनेतून बाहेर आल्या. उरलेला दोरा त्यांनी गुंडाळून ठेवला.

दीड तास लागला. बत्तीस जुड्या, बत्तीस ओळी. ओटूंनी वही घेऊन यंत्रातल्या यादीशी ताडून पाहिली. क्रम बदलला तरी प्रकार तेच बत्तीस होते. प्रत्येक ओळ यादीत एकदाच सापडली. एकही दोनदा नाही, एकही गळलेली नाही. ओटूंनी पुन्हा पहिल्यापासून तपासलं आणि पुन्हा तेच आलं. नोकरीत अठरा वर्षं त्यांनी मोजमापांत इतकी थोडी चूक पाहिली नव्हती. सासूबाईंना काहीतरी म्हणायला हवं, असं त्यांना फार वाटलं. शेवटी ते म्हणाले, “माम, चहा घेणार?”

“साखर दोन चमचे,” माम एकुआ म्हणाल्या.

शुक्रवारी समिती आली. अध्यक्ष डॉ. नॉर्टे, उंचेपुरे, कडक इस्त्रीचे, आणि त्यांच्याबरोबर दोन सदस्य. तिघेही जन्माने, शिक्षणाने आणि नोकरीने अक्राचेच. दोन्ही सदस्य अध्यक्षांच्या मानेबरोबर आपापली मान हलवत. तिघांनी बत्तीस प्रकार चिमूट चिमूट चाखले, मध्ये पाणी प्यायले, दहापैकी गुण दिले. माम एकुआ बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर मांडीवर हात ठेवून बसल्या होत्या. त्यांना आत बोलावलं होतं, पण त्या म्हणाल्या, परीक्षेच्या खोलीत मुलांच्या आयांनी बसू नये.

ओटूंनी गुण भरले. भिंतीवर रंगीत डोंगर उभा राहिला. निळा पायथा, हिरवी चढण, लालभडक माथा. ओटूंनी तो हळूच फिरवला. सदस्यांच्या तोंडून ‘अरे वा’ निघालं. डॉ. नॉर्टे पुढे झुकले.

“आणि सर्वांत उत्तम केंके कोणता ठरला?”

ओटूंनी बटण दाबलं. भिंतीवर अक्षरं उमटली. मीठ: आहे. बांधणी: मक्याचं सालपट. आंबवणं: दोन दिवस.

दाराशी ब्लँक्सन उभे होते, पेन ड्राइव्ह सुस्थितीत असल्याची खातरजमा करायला आले होते. ते हळूच म्हणाले, “ओटू साहेब, हा तर अक्राचा केंके झाला.”

चार दिवस चुली पेटवून, गावाला शिट्ट्यांवर नाचवून, सेकोंडीच्या पोटात बसून ओटूंनी शास्त्रशुद्ध सिद्ध केलं होतं, की उत्तम फान्टी केंके म्हणजे अक्राच्या गा लोकांचा केंके.

“मी हे कधीपासून सांगतोय,” डॉ. नॉर्टे म्हणाले. त्यांचा चेहरा उजळला होता. “फार उपयुक्त सॉफ्टवेअर आहे. मुदतवाढीचा कागद आणा, सही करतो.”

कागद टेबलावरच होता, पेनही होतं. ओटूंनी ते पुढे सरकवायला हात उचलला, आणि त्यांना खिडकीतून बाकावर बसलेल्या माम एकुआ दिसल्या. “एक मिनिट येतो,” असं म्हणून ते बाहेर गेले.

त्यांनी निकाल सांगितला. काही मऊ करून सांगितलं नाही, कारण त्यांच्या अंगठ्यापुढे मऊ केलेलं चाललं नसतं. माम एकुआने समोरच्या चिंचेवरची नजर त्यांच्याकडे वळवली.

“चाखलं कोणी?”

“समितीने. तिघांनी.”

“कुठले ते?”

“अक्राचे.”

“मग यंत्राचं काय चुकलं? त्याने अक्राच्या पोटाला विचारलं, अक्राच्या पोटाने सांगितलं.” त्या उठल्या, कापड झटकलं. “चूक तुमची. पीठ बदललंत, पान बदललंत, गाठ बदललीत. जीभ बदलली नाहीत.”

अठरा वर्षांच्या नोकरीत एवढी सरळ आणि एवढी बरोबर टीका त्यांच्या कामावर कोणी केली नव्हती. गप्प बसावं, सही घ्यावी आणि घरी जावं, असं एक मन म्हणत होतं. पण आता अशी सही त्यांना नकोशी वाटायला लागली होती.

ते आत गेले आणि म्हणाले, “साहेब, निकाल अर्धवट आहे. चाखणारे एकाच गावचे होते. मला इथल्या तिघांना चाखवायला द्या.”

“सही घेऊन मग चाखवा की,” एक सदस्य समजुतीने म्हणाला.

“नाही साहेब. आधी.”

डॉ. नॉर्टेंना ते आवडलं नाही, पण नाही म्हणायला कारणही सापडेना. ब्लँक्सन, टाकोराडी कार्यालयाच्या गाडीचा ड्रायव्हर अंपा आणि दरवान असे तिघे बसले. ब्लँक्सननी प्रत्येक घासाला नोंदवहीत नोंद घेतली, त्यामुळे तास लागला. गुण भरले. घटकांत एक नवा घटक पडला, ‘चाखणारा’. डोंगर खाली बसला आणि त्या जागी दोन रेघा आल्या, एकमेकींना मधोमध फुली मारणाऱ्या. अक्राची रेघ मिठाबरोबर वर चढत होती, सेकोंडीची मिठाबरोबर खाली येत होती.

“म्हणजे उत्तम कोणता?” डॉ. नॉर्टेंनी विचारलं.

“तुमच्यासाठी तुमचा, साहेब. आमच्यासाठी आमचा. तेवढं मात्र हे आता खात्रीने सांगतं.”

“एकाच प्रश्नाची दोन उत्तरं देणाऱ्या यंत्राला तीन वर्षांची मुदतवाढ?” डॉ. नॉर्टे उभे राहिले. “विचार करावा लागेल, ओटू. पत्राने कळवू.”

पत्राने म्हणजे काय, हे ओटूंना माहीत होतं. त्यांनी मान डोलावली आणि समितीला गाडीपर्यंत सोडायला गेले, कारण शिष्टाचार. व्हरांड्यात माम एकुआ रोजची टोपली घेऊन बसल्या होत्या. शुक्रवार होता, कार्यालयातली माणसं त्यांच्याकडूनच जेवण घेत.

डॉ. नॉर्टे गाडीत बसणार, इतक्यात त्यांचा फोन वाजला. त्यांनी तो कानाला लावला आणि त्यांची पाठ हळूहळू वाकत गेली.

“हो... हो, टाकोराडीतच आहे. नाही, विसरलो नाही. वीस ना? केळीच्या पानातलेच. हो गं, तुझ्या आईकडचे असतात तसेच. बिनमिठाचे. बघून घेतो.”

फोन ठेवून त्यांनी गाडीचं उघडं दार लोटलं. दोन्ही सदस्यांनी एकदम आकाशाकडे पाहिलं. मग डॉ. नॉर्टे वळले आणि माम एकुआच्या टोपलीपाशी आले.

“वीस द्या.”

“कोणते देऊ?” माम एकुआने गंभीरपणे विचारलं. “यंत्र म्हणतं, तुम्हाला मीठ लागतं.”

“हेच द्या, माम. बायको केप कोस्टची, तुमच्यासारखीच फान्टी आहे.” त्यांनी घसा साफ केला आणि ओटूंकडे न बघता हात पुढे केला. “तो कागद आणा. अहवालात दोन्ही रेघा असू द्या. एकच रेघ असलेला अहवाल घरी दिसला तर मला जड जाईल.”

गाडीच्या बॉनेटवर सही झाली. अंपाने जुड्या मागच्या सीटवर रचल्या. डॉ. नॉर्टे दार लावता लावता थांबले आणि त्यांनी ओटूंना बोटाने जवळ बोलावलं.

“हे आपल्यातच राहू दे,” ते अगदी हळू म्हणाले. “बावीस वर्षं झाली. ती पाणी आणायला उठली की मी माझ्या केंकेवर मीठ टाकून घेतो.”

गाडी फाटकातून बाहेर गेली. ओटू आत आले, संगणकापुढे बसले आणि अहवाल लिहायला घेतला. चाखणाऱ्यांविषयीची सगळी माहिती त्यांनी त्यात भरली. ही एवढी एक सोडून.